मदत हवी आहे: लेकीला घेऊन चीनला, आम्ही आठ जण

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. धाकटी लेक २०१६ मध्ये हूनान प्रांतातून दत्तक घेतली. तेव्हा दोघंच गेलो होतो. आधी चांगशात कागदपत्रं, मग अमेरिकन व्हिसासाठी ग्वांगझौ. (२०२४ पासून चीनने नात्यातली मुलं सोडून परदेशी दत्तक बंदच केलं.) आता तिला जन्मगाव बघायचंय, आणि दोन भावंडं, आजी-आजोबा, आत्या सगळेच निघालेत.

मुख्य अडचण: तिचा जन्म चीनचा, म्हणून पहिल्या व्हिसाला जुना चिनी पासपोर्ट मागतात. तो आमच्याकडून घर बदलताना हरवला. झेरॉक्स आणि दत्तकपत्र आहे. एवढ्यावर कुणाचं काम झालंय का?

दुसरं, आजी पक्की शाकाहारी. तिखटाची भीती नाही, कोल्हापूरची आहे ती. पण तिकडे भाजीतही डुकराचं मांस घालतात. 'मांस नको' हे चिनीत लिहिलेली चिठ्ठी कुणी देईल का?

आणि अनाथालयात भेटीची परवानगी किती आधी मागायची? लेक रोज विचारते, तिथल्या मावशी मला ओळखतील का. काय सांगू तिला?