बाबा कलमावरून पडले, दुखायला लागलं पंधरावीस मिनिटांनी आणि शुगर थेट २१२! असं कसं?

जामसंडेकर:
नमस्कार मंडळी. गेल्या शुक्रवारची गोष्ट, बाबा (वय ६१) कलमावर आंबे काढत होते, फांदी मोडली आणि झेल्यासकट आठेक फुटांवरून खाली आले. मनगट मोडलंय हे नंतर एक्सरेत कळलं, पण तेव्हा हा माणूस उठला, "काय झाला नाय माका" म्हणाला आणि त्याच हाताने सांडलेले आंबे क्रेटमध्ये भरायला लागला, डागी वेगळे, चांगले वेगळे. पंधरावीस मिनिटांनी पडवीत येऊन टेकले तेव्हा घामाने चिंब, अंगाला कापरं, उलटी झाली आणि मग कळा अशा की डोळ्यांत पाणी. दवाखान्यात बीपी १७०, शुगर २१२. आजवर शुगर कधी नव्हती. डॉक्टर म्हणाले दुखण्याने वाढते, पण गर्दीत नीट विचारता आलं नाही. आई तेव्हापासून त्यांना आंब्याची फोडसुद्धा देत नाहीये. मोडलं मनगट, मग साखर का वाढावी? आणि आधी दुखलं कसं नाही?

रत्नांग्रीची सिस्टर:
दादा, मी ऑपरेशन थेटरला नर्स आहे, हे रोज बघते. मार लागला की खबर मेंदूत जाते आणि तिथून दोन वाटांनी हुकूम सुटतात. पहिली वाट नसांची, काही सेकंदांत किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं, म्हणून छाती धडधडणं, घाम, कापरं, बीपी. दुसरी जरा सावकाश: हायपोथॅलॅमस म्हणून मेंदूच्या तळाशी छोटासा भाग आहे, तो खालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरीला सांगतो, ती एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि मग त्याच अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही लिव्हरला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा जोर कमी करतात, कारण शरीराला वाटतं आता पळायचंय किंवा झुंजायचंय, इंधन हवं. तरी एचबीएवनसी करून घ्या, त्यात मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. ती नॉर्मल आली तर ही साखर त्या दिवसाचीच. आणि दुखलं नाही कारण एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं त्यातूनच एंडॉर्फिनही निघतं, म्हणजे शरीराचं स्वतःचं मॉर्फिन.

बिरवाडीवाला:
सिस्टरनी छान सांगितलं, एक भर घालतो. पिट्युटरीतून रक्तात आलेलं एंडॉर्फिन परत मेंदूत फारसं शिरत नाही. दुखणं दाबायचं काम मेंदूतल्या आणि मणक्यातल्या पेशी जागच्या जागी करतात, तिथे एंडॉर्फिनसोबत त्याच्याच जातीचं एन्केफालिन असतं, ते १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून शोधलं. लक्ष दुसरीकडे असलं की हा दाब वाढतो, तुमच्या बाबांचं लक्ष आंब्यांवर होतं.
आणि अ‍ॅड्रिनलिनचं म्हणाल तर आमच्या महाड भागात ते लोकांनी फार जवळून बघितलंय. लाल विंचू चावला की त्याचं विष नसांना चेतवत राहतं आणि अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं अंगात नुसती ओतली जातात, बीपी चढतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी इथेच प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी देऊन कितीतरी जीव वाचवले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भात कापताना पेंढ्यात हात घालायच्या आधी अजून आमची आजी काठीने पेंढा हलवून घेते.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण:
जामसंडेकर, एक विनंती, बाबांना दुखणं सोसायला लावू नका. माझ्या आईला चिकनगुनियानंतर दीड वर्ष सांधे दुखत होते आणि ती कुणाला सांगायची नाही, पहाटे तीनला उठून चुलीपाशी बसायची, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं दाबत. कॉर्टिसॉल एरवी सकाळी जास्त आणि रात्री कमी असतं, पण दुखणं महिनोन् महिने राहिलं की हे घड्याळ बिघडू शकतं, झोप जाते, झोप गेली की दुखणं अजून बोचतं. आम्हाला हे फार उशिरा कळलं, याचं आजही वाईट वाटतं. पेनकिलर डॉक्टर सांगतील तशी वेळेवर द्या, "काय झाला नाय" वर विश्वास ठेवू नका.

जामसंडेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एचबीएवनसी ५.५ आली, आज उपाशीपोटी शुगर ९४. आईला सिस्टरांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. माहेरवाशीणताई, काल रात्री गोळी झोपायच्या आधी दिली, सकाळी सहापर्यंत शांत झोपले. आता डाव्या हाताने फोड खातायत.