‘टाइटन’ सगळीकडे चालत नाही

सोलापूरच्या युनिफॉर्मवाल्यांनी परदेशी खरेदीदाराला इंग्रजीत मेल लिहिताना कपडा घट्ट करायचा म्हणून सगळीकडे ‘टाइटन’ (tighten) वापरलं तरी भागतं, असं एक मत वाचलं; ते पटलं नाही. टाइटन स्क्रूला, बेल्टला, मशीनवरच्या धाग्याच्या ताणाला. शिवलेला शर्ट कमरेत आत घ्यायचा तर ‘टेक इन’. पँट गुडघ्यापासून मोहरीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडापर्यंत, निमुळती करायची तर ‘टेपर’.

पण खरा घोळ क्रियापदात नाही, पुढच्या ‘बाय’ आणि ‘टू’मध्ये होतो. ‘टेपर टू १४ इंच’ म्हणजे मोहरीचा घेर १४ ठेवायचा. ‘टेक इन बाय १ इंच’ म्हणजे आहे त्यातून १ कमी. तो १ इंच पूर्ण घेरातला असेल, तर दोन्ही बाजूंच्या शिलाया पाव-पाव इंचच आत सरकवायच्या, कारण प्रत्येक शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन्ही पदर तेवढे कमी होतात. अर्धा-अर्धा घेतला की घेर २ इंचांनी जातो आणि लॉट परत.