नाशिकच्या इमारतीवर आंतरराष्ट्रीय हॉटेलसाखळीची पाटी : वाढ कोणाची, जोखीम कोणाची?

गोदाकाठ (धागाकर्ता)

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पाही खुला झाला आहे. अशा वेळी नाशकात हॉटेल बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला सल्लागार आणि बँका एकच गोष्ट सुचवत आहेत, ती म्हणजे एखाद्या आंतरराष्ट्रीय साखळीशी करार करावा. मॅरियटचे कोर्टयार्ड, रॅडिसन ब्लू आणि अकोरचे आयबिस ही नावे शहरात आधीच आलेली आहेत. या हॉटेलांच्या दर्जाविषयी माझी काहीही तक्रार नाही. या साखळ्या ज्या पद्धतीने वाढतात ती पद्धत आपले गुंतवणूकदार पुरेशी समजून घेत नाहीत, एवढेच मला मांडायचे आहे.

मॅरियटचेच उदाहरण घेतो, कारण आज जगातली सर्वांत मोठी साखळी तीच आहे. १९२७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये रूट बिअर विकणाऱ्या एका छोट्या दुकानापासून या कुटुंबाचा व्यवसाय सुरू झाला आणि पहिले हॉटेल १९५७ मध्ये पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनला उभे राहिले. पण आजच्या आकाराचे खरे कारण १९९३ च्या विभाजनात आहे. त्या वर्षी कंपनीचे दोन भाग झाले. इमारती, जमिनी आणि त्यांच्यावरील कर्जाचा मोठा भार होस्ट मॅरियटकडे राहिला, तर हॉटेले चालवण्याचे करार आणि नाव वापरू देण्याचे हक्क मॅरियट इंटरनॅशनलकडे गेले. तेव्हापासून ही दुसरी कंपनी स्वतःच्या पैशाने इमारती फारशा न बांधता वाढत आली आहे. २०१६ मध्ये तिने सुमारे १३ अब्ज डॉलरना स्टारवुड कंपनी घेतली आणि शेरेटन, वेस्टिन यांसारखी नावे तिच्याकडे आली. आज तिच्या नावांखाली ९,००० हून अधिक हॉटेले आहेत आणि त्यांतील तिच्या मालकीची किंवा तिने भाड्याने घेतलेली हॉटेले एक टक्क्याच्या आसपासच आहेत. हिल्टन आणि आयएचजी (हॉलिडे इन हे नाव जिच्याकडे आहे ती कंपनी) याच वाटेने गेल्या आहेत.

म्हणजे साखळीत एक हॉटेल वाढते तेव्हा जमीन, बांधकाम आणि बँकेचे कर्ज दुसऱ्या कोणाचे तरी असते. नाशकात तो दुसरा कोणीतरी म्हणजे आपल्याच शहरातला बांधकाम व्यावसायिक, द्राक्ष निर्यातदार किंवा कारखानदार असणार. त्याने १५ ते २० वर्षांच्या करारावर सही करण्यापूर्वी आपण सर्वांनी या विषयावर मोकळेपणाने बोलावे, असे मला वाटते. माझे स्वतःचे मत असे आहे की आजच्या अटींवर हा सौदा नाशिकच्या मालकाच्या हिताचा नाही.

सातपूरकर

गोदाकाठ साहेब, आपण दिलेला इतिहास बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. आमच्याकडे जर्मनी आणि जपानहून तपासणीसाठी माणसे येतात. त्यांच्या मुक्कामाचा निर्णय मी घेत नाही आणि नाशकातले दुसरे कोणीही घेत नाही. तो निर्णय त्यांच्या मुख्यालयातला प्रवास विभाग घेतो आणि त्याच्यासमोरच्या यादीत ज्या साखळ्यांशी वार्षिक दर ठरलेले असतात त्यांचीच नावे असतात. गंगापूर रोडवरचे एखादे उत्तम स्थानिक हॉटेल त्या यादीत कधीच येणार नाही, मग त्याच्या खोल्या कितीही स्वच्छ असोत. मॅरियटने १९८३ मध्ये कोर्टयार्ड सुरू केले तेच कामानिमित्त प्रवास करणाऱ्या माणसासाठी, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या शहराला नेमका तोच पाहुणा सोमवार ते शुक्रवार हवा आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून वायनरी पाहायला येणारी मंडळी खोल्या भरतात हे खरे आहे, परंतु आठवड्यातल्या दोन दिवसांवर मोठे हॉटेल चालत नाही.

साखळीचे नाव म्हणजे पाहुण्याला आधीच दिलेला शब्द असतो. केमन्स विल्सन यांनी १९५२ मध्ये मेम्फिसला पहिले हॉलिडे इन काढले ते कुटुंबासह केलेल्या प्रवासात वाईट खोल्या आणि मुलांसाठी आकारलेले जादा पैसे यांचा अनुभव घेतल्यानंतर. अनोळखी गावात काय मिळेल याची खात्री प्रवाशाला हवी असते आणि त्या खात्रीसाठी तो जास्त पैसे देतो. ज्या मालकाकडे साखळी नाही, तो ऑनलाइन बुकिंग करणाऱ्या कंपन्यांना १५ ते २५ टक्के कमिशन देतो, याचा हिशेबही आपण मांडायला हवा होता.

हिशेबनीस

दोन्ही बाजू वाचल्या. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे आकड्यांत बोलतो. पुढील आकडे कोणत्याही एका हॉटेलचे नाहीत, केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. टक्केवारी मात्र या धंद्यात सर्वसाधारणपणे आढळते तशीच ठेवली आहे.

एका हॉटेलची वर्षाची एकूण उलाढाल २० कोटी रुपये आहे आणि पगार, वीज, किराणा, देखभाल वगैरे खर्च वजा जाता ७ कोटी चालू नफा उरतो, असे धरा. व्यवस्थापन करारात, म्हणजे इमारत मालकाची आणि हॉटेल चालवणार साखळी अशा करारात, मूळ फी उलाढालीवर असते. ती ३ टक्के धरली तर ६० लाख होतात. त्यानंतर चालू नफ्यावर प्रोत्साहन फी असते. ती ८ टक्के धरली तर ५६ लाख होतात. फर्निचर व नूतनीकरणासाठीच्या राखीव निधीत उलाढालीच्या ४ टक्के, म्हणजे ८० लाख बाजूला टाकावे लागतात. उरले ५ कोटी ४ लाख. आता या इमारतीवर ५० कोटींचे कर्ज १० टक्के व्याजाने असेल तर वर्षाचे व्याजच ५ कोटी होते. मालकाच्या हातात ४ लाख राहिले आणि त्यातून मुद्दल, मालमत्ता कर आणि विमा अजून जायचा आहे. साखळीला मात्र त्याच वर्षी १ कोटी १६ लाख मिळाले. आरक्षण आणि जाहिरातीसाठीचे शुल्क मी यात धरलेलेच नाही.

यातली खरी मेख अशी की मूळ फी नफ्यावर नसून उलाढालीवर असते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हॉटेले ओस पडली तेव्हा साखळ्यांची फीही घटली, हे मान्य करायला हवे. पण मालकाचे व्याज चालूच राहिले, कारण कर्जाच्या कागदावर सही त्याची होती.

सातपूरकर

हिशेबनीस साहेब, आपल्या मांडणीत एक मोठी त्रुटी आहे. राखीव निधीचे ८० लाख ही साखळीची कमाई नाही. ते मालकाच्याच इमारतीवर खर्च होतात आणि नाव नसलेल्या हॉटेलालाही गाद्या, गालिचे, वातानुकूलन यंत्रे ठरावीक वर्षांनी बदलावीच लागतात. जो मालक हा निधी ठेवत नाही त्याच्या हॉटेलची आठ-दहा वर्षांत काय अवस्था होते, याची उदाहरणे नाशिककरांना मी वेगळी सांगायला नकोत. दुसरे म्हणजे, नाव नसते तर उलाढाल २० कोटीच राहिली असती, असे आपण गृहीत धरले आहे. ती १४ कोटी झाली असती तर? आणि नाव नसते तर बँकेने ५० कोटी दिले असते का?

गोदाकाठ

राखीव निधीचा मुद्दा योग्य आहे. तो पैसा मालकाचा आहे, मात्र तो कधी आणि कशावर खर्च करायचा हे साखळीच्या मानकांवर ठरते, एवढी पुस्ती जोडतो. बँकेच्या मुद्द्यावर मात्र मी नेमके उलट म्हणेन. नाव पाहून बँक जास्त कर्ज देते, म्हणूनच मालक शहराच्या मागणीपेक्षा मोठी इमारत बांधून बसतो. सिंहस्थाचा आधार देऊन जे प्रकल्प मांडले जातात त्यांच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण पर्वणीचे दिवस बारा वर्षांतून एकदा येतात आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो.

काळाराम परिसर

सिंहस्थाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमच्या पंचवटीत यात्रेकरूंची सोय करण्याची परंपरा हॉटेल हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीची आहे. क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पुरोहित, आपल्या यजमानाला वाड्यात उतरवून घेत, त्याच्या कुळाची नामावळी वहीत ठेवत, आणि पुढची पिढी आली की तीच वही काढून आजोबा-पणजोबांच्या सह्या दाखवत. पाहुणा पुन्हा आपल्याकडेच यावा यासाठी केलेली ती व्यवस्था होती. मॅरियटने २०१९ मध्ये बॉनव्हॉय या नावाने आपल्या सदस्य योजना एकत्र केल्या आणि आज तिचे सदस्य २० कोटींहून अधिक आहेत. मार्ग वेगळा असला तरी हेतू तोच आहे आणि म्हणून मला साखळ्यांचा राग येत नाही. त्यांच्याकडची वही मात्र कधी असुरक्षितही ठरते. स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेतून कोट्यवधी पाहुण्यांची माहिती चोरीला गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि त्याबद्दल ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये मॅरियटला १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला.

माझा मूळ मुद्दा निराळा आहे. रामकुंडावर येणारा बहुसंख्य यात्रेकरू धर्मशाळेत, भक्तनिवासात किंवा साध्या लॉजमध्ये उतरतो. शहराचे सगळे भांडवल आणि सगळे लक्ष तारांकित खोल्यांकडे वळले तर हजार-पंधराशे रुपयांत स्वच्छ खोली, गरम पाणी आणि बायकांसाठी सुरक्षित जागा कोण उभी करणार?

फ्रंट डेस्क

मी नाशकातच हॉटेल मॅनेजमेंट शिकले आहे. या चर्चेत मालक, बँक आणि पाहुणा सगळे आले, पण हॉटेलात काम करणारी माणसे आली नाहीत, म्हणून मोठे उत्तर लिहीत आहे.

माझी पहिली नोकरी एका स्थानिक हॉटेलात होती. तिथे बारा तासांची पाळी नेहमीची होती, भविष्य निर्वाह निधीची रक्कम पगारातून कापली जात असे पण खात्यावर दिसत नसे, आणि रात्रपाळी संपवून घरी जाताना गाडी मिळेल की नाही हे त्या रात्रीच्या व्यवस्थापकाच्या मनावर असे. त्यानंतर मी एका आंतरराष्ट्रीय साखळीच्या हॉटेलात आले. तिथे पगारपत्रक वेळेवर मिळते, रात्री मुलींना घरापर्यंत सोडणारी गाडी ठरलेली असते, तक्रार नोंदवण्यासाठी हॉटेलच्या बाहेरचा क्रमांक असतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षण कागदावर नोंदले जाते. त्या नोंदीच्या बळावर माझ्यासोबत हाउसकीपिंगमध्ये लागलेली सिन्नरची एक मुलगी आज परदेशात त्याच साखळीच्या हॉटेलात पर्यवेक्षक आहे. स्थानिक हॉटेलातल्या अनुभवाला असे वजन दुसऱ्या शहरातही मिळत नाही, परदेशाची गोष्ट तर दूरच राहिली.

गोदाकाठ सर, मालकाच्या दृष्टीने आपण म्हणता तसा हा सौदा एकतर्फी असेलही. पण ज्या शिस्तीला आपण साखळीचा जाच म्हणाल, त्याच शिस्तीमुळे आमचे कामाचे तास मोजले जातात. स्थानिक मालकांनी ही शिस्त स्वतःहून पाळली असती तर मीच आज आपल्या बाजूने लिहिले असते.

गोदाकाठ

ताई, आपल्या उत्तराने या धाग्यात सर्वांत मोलाची भर पडली आहे आणि मी त्याला वाद म्हणून उत्तर देणार नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आणून देतो. व्यवस्थापन करारात बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचा पगार मालकाच्याच खात्यातून जातो आणि कायद्याने त्यांचा नियोक्ताही तोच असतो. आपल्याला मिळालेली शिस्त साखळीने घालून दिली, पण तिचा खर्च नाशिकच्याच माणसाने उचलला. तो तेव्हा उचलता येतो, तर नावाशिवायही उचलता यायला हवा, अशी मागणी कामगार विभागाकडे आणि हॉटेलमालकांच्या संघटनांकडे आपण सर्वांनी करायला हवी.

फ्रंट डेस्क

मागणी योग्य आहे, सर, मी तिच्यावर सही करीन. पण ती मान्य होईपर्यंत नोकरी मी साखळीतच करीन आणि माझ्या धाकट्या बहिणीलाही तेच सांगेन.

सातपूरकर

चर्चेत परदेशी विरुद्ध देशी असा सूर उमटू लागला आहे, तो दुरुस्त करायला हवा. अंबडला ज्याचे गेटवे हॉटेल आहे, तो टाटांचा ताज समूहही आता मोठ्या प्रमाणावर दुसऱ्यांच्या इमारतींवर व्यवस्थापन करार करूनच वाढत आहे. लेमन ट्री या देशी साखळीनेही तीच दिशा धरली आहे. मालकाला जोखीम आणि साखळीला फी, ही रचना अमेरिकेची म्हणून वाईट आणि मुंबईची म्हणून चांगली ठरत नाही. मालकाने करार नीट वाचावा आणि घासाघीस करावी, एवढेच तात्पर्य असेल तर आपल्यात मतभेद फारसे उरत नाहीत.

हिशेबनीस

मतभेद उरतो, आणि तो घासाघीस कशाबद्दल करायची याचा आहे. फी अर्ध्या टक्क्याने कमी करून घेतली की मालक समाधानी होतो. खरे पाहता करार मोडण्याचे कलम सर्वांत महत्त्वाचे असते. साखळ्यांच्या नेहमीच्या मसुद्यात मालकाला करार संपवता येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. ठरलेल्या अंदाजपत्रकापेक्षा नफा बराच कमी यावा लागतो आणि आसपासच्या स्पर्धक हॉटेलांच्या तुलनेत प्रत्येक खोलीमागचे उत्पन्नही घसरावे लागते, तेही सलग दोन वर्षे. एवढे होऊनही साखळीला तुटीची रक्कम भरून करार वाचवण्याचा हक्क असतो. नाशकात स्पर्धक म्हणून धरण्याजोगी हॉटेलेच मोजकी आहेत. सगळ्यांचा धंदा एकत्र बसला तर दुसरी अट कधी पूर्णच होत नाही आणि मालक वीस वर्षे अडकून पडतो.

माझ्याकडे मसुदा घेऊन येणाऱ्याला मी सांगतो, की या दोहोंपैकी एक अट पुरी झाली तरी करार संपवता यावा, तूट भरून देण्याचा हक्क साखळीला पूर्ण मुदतीत एकदाच मिळावा, आणि इमारत विकायची वेळ आली तर नव्या मालकावर करार लादला जाऊ नये. साखळी या तीन गोष्टींना नकार देत असेल, तर तिला नाशिकच्या बाजारावर स्वतःलाच किती भरवसा आहे, हे सही करण्यापूर्वी तिला विचारावे.