ज्येष्ठांच्या केंद्रातलं गाणं-बिणं : तुमचे नाहीतर आई-बाबांचे अनुभव लिहा

वळचण
काल माळा आवरताना आईची निळी फाईल सापडली. ज्येष्ठ नागरिक केंद्रात ती समूहगानाला जायची, त्या गाण्यांची. आईला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी तीनदा तरी माळा आवरला असेन, पण फाईल हाताला लागली नव्हती.

बाबा गेल्यावर आई आठ महिने खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून होती. मी मागे लागून लागून तिला केंद्रात नेलं. "फक्त बघायला येते," म्हणाली. पहिले दोन बुधवार दाराजवळ बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, कधीही उठून निघायच्या तयारीत. तिसऱ्या बुधवारी मी न्यायला गेले तर पर्स खुर्चीखाली आणि बाई दुसऱ्या रांगेत. त्यानंतर नऊ वर्षं बुधवार चुकला नाही. आम्ही कुठे जायचं ठरवलं तरी आधी बुधवार बघायचा.

फाईलमध्ये तिच्या मोठ्या अक्षरातली गाणी आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीच्या खुणा. स्वल्पविराम म्हणजे श्वास, एवढं कळलं. पण काही शब्दांना गोल करून बाजूला नुसतं 'शे' लिहिलंय. जवळजवळ प्रत्येक गाण्यात. काय असेल? कुणाला माहीत आहे का?

आणि तुमचेही अनुभव लिहा. गाणंच पाहिजे असं नाही. व्यायाम, वाचन, पत्ते, काहीही.

निवृत्त_पण_व्यस्त
शे म्हणजे शेवट. नाहीतर शेपूट. :)

मला बायकोने ढकललं. "दिवसभर घरात माझ्या मागे मागे फिरू नका" हे कारण, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, आवाज कुठला? मी छाती काढून म्हणालो, खर्जातला. चाळीस वर्षांपूर्वी होता हो! गायला लावलं तर खालचा सा म्हणजे नुसती हवा. सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, वय झालं की पुरुषांचे स्वरतंतू पातळ होतात, आवाज वर सरकतो. मला मधल्या रांगेत टाकलं. घरी येऊन सांगितलं की माझा आवाज चढलाय. बायको म्हणाली, ते मला लग्नापासून माहितीये.

काळीपाच
हाहाहा निवृत्त!!
आमचं उलटं. बायकांचा आवाज पाळी गेल्यावर जाड होतो, खाली येतो. मी जन्मभर काळी पाचमध्ये गायले, माझं इथलं नाव बघा. आता काळी तीन. पहिले सहा महिने हट्टाने वरच गात होते आणि रोज घसा धरायचा. एकदा बाईंनी मला न सांगता पेटी खाली घेतली. गाणं झाल्यावर म्हणाल्या, आज कसं वाटलं? मी म्हटलं, आज छान लागला! सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मान्य केलं. नाव मात्र बदलणार नाही.

मधलीसून
फोनवरून लिहितेय, मशीन लावलंय, मध्येच उठेन.
सासूबाई मंगळवार-शुक्रवार जातात. अकरा ते एक. त्यांना काय मिळतं ते त्या सांगतील, मला दोन तास मिळतात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी काय केलं असेल? नुसती बसले. घरात आवाज नाही. आम्हा दोघींचं तेव्हापासून जरा बरं चाललंय, कारण आता त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं आणि मला ऐकायला उत्साह असतो. आधी दोघींकडे तेच तेच होतं.
थांबा बेल वाजली

शंकेखोर
वातावरण बिघडवायला आलो नाही, पण "गाण्याने विस्मरण बरं होतं" छापाचे संदेश रोज येतात म्हणून लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये यावर नीट अभ्यास झालाय. ज्येष्ठांची १२ केंद्रं, ३९० माणसं. अर्ध्या केंद्रांत गायनवृंद लगेच सुरू केला, बाकीच्यांना सहा महिने थांबवलं आणि मग तुलना केली. २०१८ मध्ये निकाल आला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत आणि शरीराच्या ताकदीत सांगण्यासारखा फरक नाही. पण गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला.
म्हणजे औषध म्हणून पाठवू नका. एवढंच.

निवृत्त_पण_व्यस्त
@शंकेखोर एकटेपणा कमी झाला हे तुम्ही "एवढंच" मध्ये टाकलंत?

शंकेखोर
बरोबर आहे तुमचं. "एवढंच" मागे घेतो.

टेकू
मी गात नाही. सूर कशाशी खातात माहीत नाही. पण आमच्या केंद्रात हजेरीची वही माझ्याकडे आहे आणि ते मी फार गंभीरपणे घेतो. (आयुष्यभर हिशेब तपासले, हात शिवशिवतात.) नियम असा, की न कळवता सलग दोनदा गैरहजर असेल त्याला मी फोन करायचा. लोक वैतागतात. "अहो, शाळा आहे का ही?" हो, आहे.

मागच्या वर्षी एक बाई दोनदा आल्या नाहीत. एरवी कळवतात. फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा केला, नाही. त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर वहीत लिहून ठेवला होता, त्यांना लावला. दार उघडून बघितलं तर न्हाणीघरात पडलेल्या, आदल्या संध्याकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन येतात, पहिल्या खुर्चीत बसतात आणि मी हजेरी घेताना मुद्दाम मोठ्याने "हजर!" म्हणतात.
प्रत्येकाच्या नावापुढे दोन नंबर लिहून ठेवा. एक घरच्यांचा आणि एक चालत पाच मिनिटांत पोचू शकेल अशा माणसाचा. घरचे बऱ्याचदा लांब असतात.

काळीपाच
टेकूकाका, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अशी वही नाही. उद्याच विषय काढते.

कानसेन
कानातलं यंत्र वापरणारे कुणी आहेत का इथे? वृंदात गाताना माझं यंत्र शिट्टी मारायचं, आणि लांबवलेला स्वर ऐकताना तो हेलकावे खातोय असं वाटायचं. मला वाटलं आपलं डोकं गेलं. शेजारचे म्हणाले, तुम्ही बेसूर होताय. दोन महिने गाणं सोडलं होतं.
मग कान तपासणाऱ्या मुलीने सांगितलं की यंत्र बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं. लांब स्वर आला की त्याला वाटतं ही शिट्टीच आहे, आणि ते दाबायला जातं. संगीतासाठी वेगळी जोडणी करता येते, बटणाने बदलायची. ती करून घेतली. आता पेटी पेटीसारखी वाजते. यंत्र घेतलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. यंत्र घेताना गाता असं आधीच सांगा. आणि घरी नीट ऐकू येतं म्हणून हॉलमध्ये येईलच असं नाही, तिथे जाऊन बघा.

हळूबाई
लांबलचक लिहिते, माफ करा, रात्री झोप येत नाही.
यांना साडेतीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू सावरली, वाचा गेली. समजतं सगळं, शब्द येत नाही. "हो" म्हणायचं असेल तरी घाम फुटतो. मित्र यायचे, दहा मिनिटं बसायचे, माझ्याशीच बोलायचे, जायचे. मग येईनासे झाले. त्यांचा दोष नाही.
केंद्रात मी एकटीच जायचे. एकदा यांना सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर नेलं, मागे बसवलं. जुनं, शाळेतलं गाणं चाललं होतं. दुसऱ्या कडव्याला माझ्या पाठीमागून आवाज आला. शब्दांसकट. मी वळले नाही. वळले तर थांबतील असं वाटलं.
वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं. बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाणं दोन्हीकडे पसरलेलं असतं. १९७० च्या दशकापासून याचा उपयोग करून शिकवतात, छोटी वाक्यं सुरात म्हणायची, हाताने ताल धरून. आम्ही करतो. "पाणी दे" दोन सुरांत म्हणतात आता. पुढे जाईल की नाही माहीत नाही. गाण्याबाहेर अजून फार शब्द नाहीत, खोटं कशाला सांगू. पण वर्गात ते आजारी दिसत नाहीत.

मधलीसून
हळूबाई 🙏 काय लिहू कळत नाहीये

टेकू
हळूबाई, यांचं नाव वहीत वेगळं घाला. तुमच्याबरोबर आलेले म्हणून नाही, सभासद म्हणून.

हळूबाई
घातलंय काका. सही डाव्या हाताने करतात.

ताल_सोडून
सगळं गोडगोड चाललंय, तर माझाही अनुभव घ्या. आमच्या वृंदात माईकवरून भांडण झालं. सत्तर ओलांडलेली माणसं, पुढे कोण उभं राहणार यावर तीन आठवडे अबोला! मग एकाच गृहस्थांनी गाणी निवडायची, सगळी त्यांच्या आवडीची, सगळी संथ. मी म्हटलं, अहो आपण अजून आहोत. त्यावरूनही राग.
पण गट फुटला तो यामुळे नाही. व्यवस्थापनाने आमची खोली दुसऱ्या मजल्यावर हलवली. लिफ्ट नाही. कुणी "आम्ही येणार नाही" असं म्हटलं नाही, नुसते येईनासे झाले. चौतीसचे एकोणीस झालो. गुडघे दुखतात हे सांगायचीही लाज वाटते माणसांना. माझं मत, नवीन उपक्रम काढण्याआधी जिना मोजा, संडास किती लांब आहे ते बघा, आणि शब्द मोठ्या अक्षरांत छापा. निम्मी माणसं तेवढ्यावर टिकतात.

काळीपाच
मोठी अक्षरं +१००. आणि कागद सुटे नकोत, पानं उलटताना पावसासारखा आवाज येतो.

निवृत्त_पण_व्यस्त
लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन गायलं का कुणी? आम्ही गायलो. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे मी पहिल्या ओळीला, शेजारचा अजून सुरुवातीला, एक जण दुसऱ्याच गाण्यात. शेवटी सगळ्यांचा आवाज बंद, फक्त सरांचा चालू, आपण आपल्या घरात एकटं ओरडायचं. नातवाने दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं.

शंकेखोर
त्या काळात थांबणंच बरोबर होतं पण. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण होते, त्यांतल्या ५३ जणांना करोना झाला किंवा झाला असावा असं धरलं, दोघं गेले. अजूनही सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी घरी बसावं, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

टेकू
घरी बसावं, पण कळवावं.

पेटीवाला
धागा उशिरा बघितला. अकरा वर्षं ज्येष्ठांचा वृंद शिकवतोय.
वळचण, 'शे' म्हणजे शेजारीण असावं. माझ्या वर्गातही अशाच खुणा करतात. वय वाढलं की छातीचा पिंजरा कडक होतो, फुप्फुसं पूर्वीसारखी फुलत नाहीत, लांब ओळ एका दमात पुरत नाही. सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर तिथे खड्डा पडतो. म्हणून दोघी-दोघींच्या जोड्या लावतो. एकीने या शब्दावर घ्यायचा, दुसरीने दोन शब्द पुढे. घेणारी गुपचूप बाहेर पडते, तेवढा वेळ शेजारची ओळ धरून ठेवते, मग ही हळू आवाजात परत आत शिरते. ऐकणाऱ्याला वाटतं रांग थांबतच नाही. तुमच्या आईच्या फाईलमधला गोल म्हणजे, इथे शेजारीण श्वास घेणार, मी सोडायचं नाही.
एक सांगतो, ही जोडी जमायला महिने लागतात. गाणं त्याआधी बसतं.

निवृत्त_पण_व्यस्त
शेपूट मागे घेतो.

वळचण
पेटीवाला, तुमचं वाचून ऑफिसातून आल्या आल्या फाईल परत काढली. वर कोपऱ्यात तारीख टाकायची सवय होती तिला. सहा-सात वर्षांच्या गाण्यांत 'शे' आहे. मग एका पानापासून 'शे' खोडरबराने पुसलंय. नीट पुसलेलं नाही, दिसतंय. पुढच्या चार गाण्यांत गोलच नाहीत, नुसते तिचे स्वल्पविराम. आणि मग परत गोल सुरू होतात, बाजूला 'न'.
'न' म्हणजे नवीन?

पेटीवाला
नवीन. आमच्याकडेही हेच अक्षर.

मधलीसून
मशीन कधीच संपलं, कपडे तसेच आहेत आत. वाचत बसले.

काळीपाच
@कानसेन ते बटण यंत्रावर असतं की फोनवर? माझ्या भावाचं पण शिट्टी मारतं.

कानसेन
माझं यंत्रावर आहे ताई. नव्या यंत्रांचं फोनवरून होतं म्हणतात. भावाला म्हणावं, तपासायला जाताना फोनमध्ये वर्गातलं एखादं गाणं भरून ने आणि तिथेच वाजवून बघ.