परदेशी सुनेला सरकारी आरोग्य योजना पहिल्या दिवसापासून मिळावी का?

खानापूर तालुक्यातून (धागा काढणारी)
भावानं आखातात असताना फिलिपिन्सच्या मुलीशी लग्न केलं. दोघं आता गावी आलेत, वहिनीला पाचवा महिना चालू आहे. सरकारी दवाखान्यात ओपीडीची चिठ्ठी सहज निघाली, आशाताई घरी येऊन गेल्या. अडलं ते 'आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक'पाशी. बीपीएल कुटुंबाला त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण आधार पाहिजे म्हणतात, आणि परदेशी माणसाला आधार १८२ दिवस भारतात राहिल्यावर. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं) तर लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. बाळंतपणात काही गुंतागुंत झाली, मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं तर? ती ज्या घरात नांदते, त्या घराच्या कार्डावर तिला पहिल्या दिवसापासून उपचार मिळायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

निपाणीकर
ताई, वहिनींची काळजी समजते, पण मला हे पटत नाही. भीमगडच्या जंगलातल्या गावांतनं पावसाळ्यात आजारी माणसाला अजून खांद्यावरनं आणतात. योजनेचा पैसा आधी त्यांच्यासाठी. आखातात नोकरी केलेल्या माणसानं विमा काढावा की ओ.

खानापूर तालुक्यातून
दादा, आखात म्हटलं की लोकांना सोनंच दिसतं. भाऊ तिथं एसी दुरुस्तीला होता, काम सुटलं म्हणून परत आलाय. आणि विम्याचं म्हणाल तर बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो. दिवस गेल्यावर काढलेला विमा त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. जंगलातल्या गावांना रस्ता आणि ॲम्ब्युलन्स हवी हे शंभर टक्के खरं, पण वहिनीला नाही म्हटल्यानं तो रस्ता होणार आहे का?

वकील, टिळकवाडी
दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. तातडीच्या रुग्णाला डॉक्टरनं आधी वाचवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क परदेशी व्यक्तीलाही आहे, हे २००० मध्ये चंद्रिमा दास खटल्यात एका बांगलादेशी महिलेच्या बाबतीत स्पष्ट झालं. त्यामुळे कळा सुरू झालेल्या बाईला कुणी परत पाठवू शकत नाही. योजनेचं कार्ड मात्र सरकारी धोरणाचा भाग, तिथं निपाणीकरांना मुद्दा आहे. पण एक विसरू नका: वडील भारतीय आणि आई कायदेशीर व्हिसावर असेल, तर इथं जन्मलेलं बाळ जन्मापासून भारतीय नागरिक. त्याच्या आईच्या उपचाराला परकीयावरचा खर्च कसं म्हणायचं? आणि हो, व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी लागते. ती आधी बघा.

मूळ बेळगावचा, सध्या इंग्लंड
इथं माझ्या बायकोच्या व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरून घेतला. २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. नंतर एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) बाळंतपणाचं वेगळं बिल नाही. भारतानंही परवडेल अशी फी ठेवावी. फुकट देऊ नये, पण वाटही अडवू नये.

खानापूर तालुक्यातून
अशी फी आम्ही आनंदानं भरू. आज भरायची म्हटली तरी ती घेणारी खिडकीच नाही, हेच तर दुखणं आहे.

येळ्ळूरकर
मला वेगळंच आठवतंय. महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायची ठरवली, तेव्हा कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. आजाऱ्याला हद्द दाखवू नका, असं आपण सगळे म्हणत होतो. मग आता आपल्याच गावच्या सुनेला पासपोर्ट का विचारायचा?

निपाणीकर
ही तुलना मला मान्य नाही. ८६५ गावांतली माणसं भारताची नागरिक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथं कर भरतात. बाळाचा मुद्दा मात्र पटला. गरोदरपण, बाळंतपण आणि बाळाचं पहिलं वर्ष एवढ्यापुरतं आईला घरच्या कार्डावर घ्यावं, त्याला माझी हरकत नाही. गुडघ्याच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी मात्र तिनं आधार मिळेपर्यंत थांबावं.

खानापूर तालुक्यातून
हृदयविकार १८२ दिवस थांबतो का, दादा?