ग्लोव्ह नसलेला आयसोलेटर आणि आत रोबोट, खरंच कंटॅमिनेशनची कटकट संपते का?

मायक्रोवाला: मंडळी, व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या) फिलिंगची नवी लाईन घ्यायचं चाललंय. आता रॅब्सवर (अडथळ्यामागून ग्लोव्ह घालून काम करायची व्यवस्था) काम करतो. मॅनेजमेंटला ग्लोव्हच नसलेला आयसोलेटर (पूर्ण बंद, निर्जंतुक कक्ष) हवाय, आत सगळं रोबोट करणार. व्हेंडर म्हणतो माणूसच आत नाही तर जंतू येणार कुठून? हे एवढं सोपं असतं का?

क्यूए_ताई: अर्धं खरंय. सगळ्यात जास्त कण आणि जंतू माणूसच सोडतो, आणि ग्लोव्हला बारीक भोक पडलं तर डोळ्याला दिसतही नाही, म्हणून तर बॅच किंवा कॅम्पेनच्या (सलग घेतलेल्या बॅचच्या मालिकेच्या) आधी नि नंतर ग्लोव्ह टेस्ट करत बसावं लागतं. ती कटकट जाईल. पण मीडिया फिल (औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रव भरून घेतलेली चाचणी) सुटत नाही हां, आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या युरोपच्या नव्या अ‍ॅनेक्स १ मध्ये (निर्जंतुक औषध बनवायचे नियम) रोबोटचा विचार करा असं म्हटलंय, रोबोट घेतला की झालं असं कुठेही नाही.

मेंटेनन्स_भाऊ: रोबोट म्हणजे काही पवित्र वस्तू नाही, प्रत्येक जॉइंटला ग्रीस असतं, सील असतं, आणि आयसोलेटर निर्जंतुक करायला सोडतात ती हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ वर्षभर खाऊन साधा इंडस्ट्रियल आर्म टिकणारच नाही. स्टॉब्ली कंपनीचे स्टेरिक्लीनसारखे खास त्यासाठी बनवलेले आर्म असतात, तसलेच बघा. दुसरं म्हणजे आर्म उघड्या व्हायलच्या वरून फिरतो का ते आधी विचारा. हेपा फिल्टरमधून येणारी हवा आधी आर्मला लागून मग व्हायलवर आली तर फर्स्ट एअर (फिल्टरमधून कशालाही न लागता थेट येणारी हवा) गेलीच की! स्मोक स्टडी (धूर सोडून हवा कशी वाहते ते बघणं) आर्म प्रत्यक्ष स्पीडने हलत असतानाच करून घ्या, थांबलेल्या मशीनचा व्हिडिओ घेऊन आले तर परत पाठवा.

मायक्रोवाला: आणि व्हायल आडवी पडली, स्टॉपर (व्हायलचं रबरी बूच) अडकला तर? आत्ता हात घालून काढतो.

क्यूए_ताई: तिथेच खरी गंमत आहे. या मशीन बहुतेक नेस्टमधल्या (खाचांच्या ट्रेमधल्या) रेडी टू यूज, म्हणजे आधीच धुऊन निर्जंतुक केलेल्या, व्हायलवर चालतात, प्रत्येक व्हायल आपल्या खाचेत, त्यामुळे घासणं-पडणं जवळपास नाहीच. पण तसं मटेरियल महाग, आणि स्पीड तुमच्या मोठ्या लाईनच्या जवळपासही नसतो. छोट्या बॅच, महागडं औषध असेल तर डोळे झाकून घ्या. रोज ढीगभर एकच प्रॉडक्ट भरायचं असेल तर मी ग्लोव्हवाला आयसोलेटरच घेईन, फक्त जंतू तपासायच्या प्लेट उचलणं वगैरे रोबोटला देईन.

मेंटेनन्स_भाऊ: +१. आणि एफएटीला (मशीन घेण्याआधी व्हेंडरच्या कारखान्यात होणारी चाचणी) मुद्दाम स्टॉपर वाकडा ठेवून बघा मशीन काय करते. व्हेंडर तोंड वाकडं करेल, करू दे.