मेंटेनन्स सोडून एनर्जी ऑडिटच्या कन्सल्टन्सीत आलेय, आज काम झालं हे ओळखायचं कसं?

कळव्याची_मेकॅनिकल

नमस्कार. मेकॅनिकलची पदवी झाल्यावर रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चारेक वर्षं मेंटेनन्सला होते. दिवाळीनंतर वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत लागले. काम एनर्जी ऑडिटचं. कारखान्यात जायचं, वीज आणि वाफ कुठे वाया जाते ते मोजायचं आणि रिपोर्ट द्यायचा. पगार वाढला, कळव्याहून ऑफिसही जवळ. घरचे खूश आहेत.

मला मात्र रोज संध्याकाळी रिकामं वाटतं. मेंटेनन्सला असताना मशीन बंद पडलं की खोलायचं, बेअरिंग बदलायचं, चालू करून लॉगबुकात सही करायची आणि निघायचं. आज काय केलं ते विचारायला लागायचं नाही. इथे सुरुवातीचे आठवडे जुने रिपोर्ट वाचत बसले. साहेब तळोज्याच्या साइटवर, त्यांना फोन करायचा संकोच. त्यात टाइमशीट अर्ध्या-अर्ध्या तासाची भरायची. "रिपोर्ट वाचला" असं किती वेळा लिहिणार?

आता महाप्याच्या एका प्लँटवर पाठवलंय. तिथले कॉम्प्रेसर (हवा दाबून प्लँटला पुरवणारं मशीन) ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मी पंचवीस वर्षं ही रूम सांभाळतोय. तुम्ही चार दिवसांत काय सांगणार?" ते रागाने बोलले नव्हते, खरंच विचारत होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लिहिलेला ड्राफ्ट साहेबांनी परत पाठवला, जागोजागी शेरा: "हे निरीक्षण झालं, शिफारस कुठे आहे?" मागच्या मीटिंगमध्ये पर्चेसच्या साहेबांनी एका सूचनेचा पेबॅक (घातलेला खर्च किती काळात वसूल होईल ते) विचारला. आकडा अजून काढलेलाच नव्हता. अशा वेळी काय बोलायचं असतं?

प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगा, सुरुवातीच्या या काळात नेमकं काय करायचं?

ऐरोली_सॅप

मी सॅपवाला (कंपन्यांचं सॉफ्टवेअर), ऐरोलीत बसतो. क्षेत्र वेगळं असलं तरी पहिले महिने असेच जातात. साहेबांना फोन करायला लाजू नका. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, साचलेले प्रश्न एकत्र विचारा. दर वेळी वेगळा फोन केलात तर ते वैतागतील, अजिबात केला नाहीत तर तुमचं काम अडलंय हे त्यांना कळणारच नाही. प्रत्येक मीटिंगचे मुद्दे त्याच संध्याकाळी मेल करा, कोणी सांगितलं नाही तरी. दोन-तीन मीटिंगनंतर तुमच्या मेलची लोक वाट बघतात.

टाइमशीटचं म्हणाल तर कामाला जेवढे तास मंजूर असतील तेवढेच लिहा. वर लागलेले आपले. नवीन माणसाने जास्त तास दाखवले की हा हळू आहे असं मत होतं आणि ते लवकर पुसलं जात नाही.

कोपरखैरणेकर_ताई

वरच्या मेलच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत. टाइमशीटच्या सल्ल्याशी अजिबात नाही, त्यावर खाली लिहिते. मी याच धंद्यात बरीच वर्षं आहे, टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) बऱ्याच कॉम्प्रेसर रूम आतून बघितल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर. तुला अगं-तुगं करते, चालेल ना?

जुने रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचू नकोस. एक रिपोर्ट घे, त्यातली एकच सूचना घे आणि तिच्यामागची एक्सेल शीट माग. बचतीच्या रुपयांपासून उलटी चालत जा, थेट मीटरवर घेतलेल्या रीडिंगपर्यंत. आकडा कुठून आला, कोणत्या शिफ्टला मोजला, वर्षाचे तास कोणी सांगितले, हे सगळं सापडलं म्हणजे तो रिपोर्ट तुझा वाचून झाला. टाइमशीटमध्येही तेच लिही: "अमुक सूचनेची आकडेमोड तपासली, तीन गृहीतकं सापडली."

आता ऑपरेटर काका. तुझ्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. त्यांनी प्रश्न विचारला म्हणजे ते बोलायला तयार आहेत. त्यांना सांग, "तुम्हाला जे माहीत आहे ते मी मोजून कागदावर आणणार आहे." आणि खरंच तसं कर. जनरल शिफ्टमध्ये प्लँट हेडबरोबर फेरी मारून काही हाती लागत नाही. दुपारची शिफ्ट सुरू होते तेव्हा जा, ते लॉगबुक भरत असतात तिथे उभी राहा. विचार की दाब साडेसात बारवर का ठेवलाय. डिलिव्हरीचा दाब 1 बारने खाली आणला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 10 टक्के कमी लागते, हे बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) पुस्तकात आहे, तूही वाचलं असशील. पुस्तकात नसतं ते हे: आख्ख्या प्लँटमध्ये एखाद्याच मशीनला तेवढा दाब लागतो आणि तिच्यासाठी सगळी लाइन वर ठेवलेली असते. ती मशीन कोणती, आणि दाब उतरवला की कोणत्या विभागातून ओरड येते, हे फक्त काकांना माहीत असतं. त्यांना कशाची भीती वाटते ते आधी ऐकून घे, शिफारस नंतर लिही.

गळतीची चाचणी त्यांच्या हातून करून घे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, उत्पादन बंद असताना, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा कोणीच वापरत नाही, तरी तो मधून मधून लोड होतो (हवा भरायला लागतो, एरवी अनलोड म्हणजे नुसता फिरतो), कारण हवा गळतेय. लोडची वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून झालेली वेळ. समज 2 मिनिटं लोड आणि 4 मिनिटं अनलोड, तर 2 भागिले 6, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 33 टक्के हवा गळतीत जातेय. स्टॉपवॉच काकांच्या हातात दे, तू लिहून घे. चार-पाच फेऱ्या घे आणि सरासरी काढ. रिपोर्टमध्ये "कॉम्प्रेसर विभागाच्या सहकार्याने घेतलेली चाचणी" असं स्पष्ट लिही.

निरीक्षण आणि शिफारस यांतला फरक: "दाब जास्त आहे" हे निरीक्षण. "दाब साडेसातवरून साडेसहावर आणा, जास्त दाब लागणाऱ्या एका मशीनला वेगळा बूस्टर द्या, खर्च इतका, बचत इतकी" ही शिफारस. दुसऱ्या वाक्यावर प्लँट हेडला हो किंवा नाही म्हणता येतं.

रुपयांच्या बाबतीत एक जागा अशी आहे जिथे नवीन माणसाचा आकडा हमखास फुगतो. बरेच जण महिन्याचं बिल भागिले युनिट असा सरासरी दर धरतात. त्या बिलात डिमांड चार्जही (युनिटवर नाही, विजेच्या मागणीवर लागणारा आकार) असतो, आणि वापर थोडा घटला म्हणून तो आपोआप घटत नाही. समज कॉम्प्रेसर सरासरी 50 किलोवॉट घेतोय आणि वर्षाला 6000 तास चालतोय. झाले 3,00,000 युनिट. 6 टक्के बचत म्हणजे 18,000 युनिट. वीज आकाराचा दर उदाहरणापुरता 8 रुपये धरला तर 1,44,000 रुपये. बिलाच्या सरासरीने साडेदहा धरलेस तर 1,89,000. हे मधले 45,000 क्लायंटला कधीच मिळणार नाहीत, आणि त्यांच्या अकाउंट्सला ते पुढच्या वर्षी बरोबर दिसेल. शिवाय महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते प्रमाण) कमी असेल तर बिल वाढतं, त्यामुळे तो कसा आहे तेही बघावं लागतं. क्लायंटचं बारा महिन्यांचं बिल घेऊन त्यातली एकेक ओळ समजून घे. एवढं केलंस की मीटिंगमधल्या निम्म्या प्रश्नांची तयारी होते.

पेबॅक विचारला आणि आकडा नसेल तर सरळ म्हणायचं, "हे अजून मोजलेलं नाही. गुरुवारी दुपारच्या शिफ्टला मोजते, शुक्रवारी आकडा पाठवते." दिवस सांगायचा, मीटिंगच्या मेलमध्ये लिहायचा आणि पाळायचा. अंदाजाने "वर्षभरात सुटेल" असं कधीही म्हणू नकोस. पर्चेसवाले ते वाक्य वहीत टिपून ठेवतात.

आता टाइमशीट. खरे तास लिही. मंजूर 16 असताना 26 लागले तर 26 लिही, शेरा टाक की क्लायंटने बिलं उशिरा दिली किंवा मीटर लावायला शटडाउन मिळाला नाही. पुढचं प्रपोजल याच तासांवरून ठरतं. तू दहा तास लपवलेस तर पुढच्या कामाला पुन्हा 16 च मंजूर होतील आणि ते दहा तास तुझ्यासारखाच दुसरा कोणी नवीन पोरगा किंवा पोरगी रात्री घरी बसून भरेल. हे मी फार जवळून पाहिलंय. साहेब खरे तास बघून नाराज झाले तर होऊ देत, निदान चर्चा तरी होईल.

बीईईच्या परीक्षेचं आत्तापासून मनात ठेव. एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. त्यांची चारही पुस्तकं मोफत मिळतात. तिसऱ्यातलं कॉम्प्रेस्ड एअरचं प्रकरण या आठवड्यातच वाच, साइट समोर असताना जे डोक्यात बसतं ते परीक्षेच्या आदल्या महिन्यात बसत नाही.

जाता जाता: पॉवर अ‍ॅनलायझरची (वीज मोजायच्या उपकरणाची) बॅग जड असते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जात असशील तर सकाळच्या गर्दीत ती घेऊन चढू नकोस. क्लायंटच्या स्टोअरमध्ये गेटपासवर ठेवायची परवानगी माग, बहुतेक ठिकाणी देतात.

महापे_युटिलिटी

मॅडम, मी तुमच्या क्लायंटसारख्याच एका प्लँटमध्ये युटिलिटीला (हवा, वाफ, वीज सांभाळणाऱ्या विभागात) आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडून लिहितोय. ताईंनी ऑपरेटरबद्दल जे लिहिलं ते शंभर टक्के.

आमच्याकडे मागे एक ऑडिट झालं. रिपोर्टमध्ये आलं की हवेची गळती खूप आहे. प्लँट हेडनी आम्हाला बोलावून सुनावलं. त्या गळतीच्या नोंदी आमच्या लॉगबुकात आधीपासून होत्या, कोणते व्हॉल्व्ह, कोणते होज, सगळं. सामान मागवल्याच्या चिठ्ठ्याही होत्या. ऑडिटवाल्यांनी लॉगबुक उघडलंच नाही. त्यानंतर कन्सल्टंट आले की आमची माणसं विचारलं तेवढंच सांगतात.

तेव्हा एकच विनंती. जे सापडेल ते वर सांगायच्या आधी कॉम्प्रेसर रूममध्ये सांगा. आणि लॉगबुकात आधीची नोंद असेल तर तिची तारीख रिपोर्टमध्ये टाका. आम्ही मागितलेलं सामान तुमच्या रिपोर्टमुळे मंजूर झालं तर पुढच्या खेपेला तुम्हाला न विचारता दहा गोष्टी दाखवू.

कळव्याची_मेकॅनिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. महाप्याच्या दादांची पोस्ट वाचून काल काकांना विचारलं, जुनी लॉगबुकं बघायला मिळतील का. त्यांनी कपाट उघडून दोन वर्षांची काढून दिली. होजच्या नोंदी त्यांतही आहेत. तारखा उतरवून घेतेय. सुट्टीच्या दिवशी चाचणीला यायला ते तयार आहेत, प्लँट हेडची परवानगी साहेब मागताहेत. टाइमशीटमध्ये खरे तास भरले.

ताई, एक शंका. इथे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत, त्यातला एक व्हीएफडीचा (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा). लोड-अनलोडची वेळ त्याच्यावर कशी धरायची?

कोपरखैरणेकर_ताई

व्हीएफडीवर ती चाचणी घेऊ नकोस. तो गळतीप्रमाणे वेग कमी-जास्त करत राहतो, लोड-अनलोड नीट दिसतच नाही. त्या दिवशी तो बंद ठेव आणि दुसऱ्या, साध्या कॉम्प्रेसरवर घे. पॅनेलवरच्या तासांवर जाऊ नकोस, क्लॅम्प मीटर लावून अँपिअर वर-खाली होताना स्टॉपवॉच दाबा. साधा कॉम्प्रेसर त्या दिवशी मिळालाच नाही तर दोन्ही बंद करून रिसीव्हरमधला (हवेच्या टाकीतला) दाब 7 वरून 6 बारवर यायला किती वेळ लागतो ते मोजा. त्यासाठी रिसीव्हरचं आणि मोठ्या पाइपलाइनचं घनफळ लागेल. रिसीव्हरच्या नेमप्लेटचा फोटो आत्ताच काढून ठेव, पाइपची लांबी काकांबरोबर चालत मोजून घे.